समुद्रातले वायुबंदर आणि किनाऱ्याचा नकार : पोर्ट ॲम्ब्रोझ, दहा वर्षांनंतर

मेघना_रॅरिटन (धागाकर्ती)

रॅरिटन उपसागराच्या तळाखालून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळाला नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांनी परवानगी दिली. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार मराठी घरांतून मला एकच प्रश्न आला : 'दहा वर्षांपूर्वी तुम्ही ते समुद्रातले गॅसचे बंदर थांबवले होते ना, मग आता हे पुन्हा कुठून आले?' विचारणाऱ्यांपैकी कोणालाच ते बंदर नेमके काय होते हे नीट आठवत नव्हते. म्हणून हा धागा.

पोर्ट ॲम्ब्रोझ हे नाव बंदराचे असले, तरी तिथे धक्का, क्रेन किंवा गोदाम यांतले काहीही होणार नव्हते. लाँग आयलंडच्या जोन्स बीचपासून सुमारे १६ सागरी मैलांवर आणि आमच्या बाजूच्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, लाँग ब्रांचपासून सुमारे २५ सागरी मैलांवर, १०३ फूट खोल पाण्यात दोन बोये, म्हणजे जहाजाला नळ जोडणारे मोठे तरंगक, बुडवून ठेवायचे. द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, घेऊन आलेल्या जहाजाने तो बोया आपल्या पोटात ओढून घ्यायचा, जहाजावरच द्रवाचा पुन्हा वायू करायचा आणि समुद्रतळावरच्या सुमारे २२ मैलांच्या नळातून तो न्यूयॉर्कच्या आधीपासून असलेल्या वायुवाहिनीत सोडायचा, अशी ती योजना होती. वर्षाला सुमारे ४५ जहाजे यायची होती आणि दिवसाला सरासरी ४० कोटी घनफूट वायू मिळायचा होता. लिबर्टी नॅचरल गॅस या कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये अर्ज केला. त्याच कंपनीचा ॲस्बरी पार्कसमोरच्या समुद्रासाठीचा आधीचा प्रस्ताव न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये नाकारला होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

अर्जाला महिना होतो न होतो तोच २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आले. आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती. कीपोर्टला एका परिचितांना गरम जेवण पोचवायला गेले, तेव्हा त्यांच्या गल्लीच्या मधोमध एक मासेमारी बोट कुशीवर पडलेली होती आणि तिच्या सुकाणूच्या पात्यात कोणाच्या तरी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी अडकली होती. तोवर 'समुद्रात सोळा मैलांवर काहीतरी होणार आहे' ही बातमी माझ्या लेखी दूरची होती. त्या दिवसानंतर ती तशी राहिली नाही.

या लढ्यात वायूइतकाच महत्त्वाचा होता तो कायदा. अमेरिकेचा डीपवॉटर पोर्ट ॲक्ट १९७४ चा आहे. तो मूळ तेलासाठी होता, २००२ मध्ये त्यात नैसर्गिक वायू आला. परवाना देणारे खाते केंद्राचे, म्हणजे मेरीटाइम ॲडमिनिस्ट्रेशन, आणि छाननीत तटरक्षक दलाचा सहभाग. परंतु लगतच्या किनारी राज्याच्या गव्हर्नरने शेवटच्या जनसुनावणीनंतर ४५ दिवसांत नकार कळवला, तर केंद्राला परवाना देता येत नाही. इथे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही दोन राज्ये होती आणि त्यांपैकी एकाचा नकार पुरेसा होता. मात्र गव्हर्नर गप्प राहिला, तर ते मौन संमती धरले जाते. ही तरतूद कळल्यावर आमच्या कामाला दिशा आली. केंद्राच्या अधिकाऱ्यांना पटवण्याबरोबरच, गव्हर्नरला गप्प राहणे अशक्य करणे हेही आमचे काम होते.

न्यू जर्सीतल्या सुनावणीला मी दोनदा गेले. दाराशी नाव नोंदवून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि पाळी आली की तीन मिनिटे बोलायचे. सभागृहाच्या एका बाजूला बांधकाम कामगार संघटनांचे लोक बसले होते. त्यांना या बंदराचे काम हवे होते, आणि त्यांची गरज खरी होती. दुसऱ्या बाजूला क्लीन ओशन ॲक्शन या पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते, लाटांवर खेळणारे तरुण, निवृत्त शिक्षिका आणि मासेमार होते. माझ्या आधी एक वयस्क मासेमार बोलला. त्याने भाषण केले नाही. खिशातून रबर बँड लावलेली वही काढली आणि कॉलरा बँक नावाच्या उथळ भागातल्या आपल्या नोंदी वाचल्या : अमुक तारीख, इतके वाव पाणी, माकुलाच्या इतक्या पेट्या. बोया होणार होता तो याच भागाच्या शेजारी. तीन मिनिटे संपल्याची घंटा झाली तेव्हा तो १९९० च्या दशकातच होता. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी त्या संध्याकाळी प्रथमच पेन उचलले, हे मी दुसऱ्या रांगेतून पाहिले.

१२ नोव्हेंबर २०१५ ला गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी लाँग बीच इथे नकार जाहीर केला. सुरक्षितता, जहाजवाहतूक, मासेमारी आणि त्याच पाण्यात नियोजित असलेल्या पवनचक्क्या ही कारणे त्यांनी दिली. प्रकल्प तिथेच संपला.

या विषयाची माहिती असलेल्यांनी, विशेषतः जहाजांवर काम केलेल्यांनी आणि कोकणातल्या वाचकांनी, विरोधी मतही मोकळेपणाने मांडावे ही विनंती.

---

अर्थमित्र

मेघनाताई, लेख माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून एक मोठी बाजू सुटली आहे, असे मला वाटते. न्यूयॉर्क शहराला वायू लागतो आणि तो हिवाळ्यात सर्वाधिक लागतो. जानेवारी २०१४ च्या कडाक्याच्या थंडीत ईशान्येकडच्या राज्यांत वायूचे घाऊक भाव कसे भडकले होते, हे तिथे राहणाऱ्यांना आठवत असेल. पेनसिल्व्हेनियात जमिनीखाली अमाप वायू आहे, पण तो पोचवायला नळ अपुरे आहेत. त्यातच अमेरिकी बंदरातून अमेरिकी बंदरात माल नेण्यासाठी अमेरिकी बांधणीचे आणि अमेरिकी ध्वजाचे जहाज लागते, आणि एलएनजी नेणारे तसे जहाज उपलब्ध नाही. परिणामी जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टनजवळच्या एव्हरेट टर्मिनलवर जो वायू उतरला, त्यात रशियाच्या यामालमधला वायू होता. नळ नको, बंदर नको, असे म्हटल्याने वायूची मागणी शून्य होत नाही. ती दुसऱ्या वाटेने आणि जास्त भावाने भागवली जाते.

न्यूयॉर्कजवळचे इंडियन पॉइंट अणुवीजकेंद्र एप्रिल २०२१ मध्ये पूर्ण बंद झाले. तिथेही आंदोलकांना आनंद झाला, आणि त्या विजेची जागा मोठ्या प्रमाणात वायूवरच्या केंद्रांनी घेतली. आता मंजूर झालेला नळही दिवसाला साधारण ४० कोटी घनफूट वायू नेणार आहे. पोर्ट ॲम्ब्रोझचा आकडा तोच होता. म्हणजे दहा वर्षे लढून तुम्ही त्याच आकड्यापाशी आलात. आंदोलकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. 'हे नको, तर मग काय?' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी त्याच वेळी द्यायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

जुना_खलाशी

मी एकतीस वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली आणि त्यांतली शेवटची बारा एलएनजी वाहून नेणाऱ्या जहाजांवर. त्यामुळे भीतीविषयी थोडे लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी चुकीचे बोलले जाते.

हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. टाकीत तो दाबाखाली नसतो. केवळ थंडीमुळे द्रव राहतो, म्हणून बाटलीतल्या गॅससारखा त्याचा स्फोट होईल ही कल्पना बरोबर नाही. सांडला, तर तो उकळून वाफ होतो, ती थंड वाफ हवेपेक्षा जड असल्याने पाण्यालगत पसरते आणि हवेतले तिचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तेव्हाच पेट घेते. माल उतरवताना आमच्या जहाजावर नळाच्या जोडांखाली, जहाजाच्या कडेवरून, पाण्याचा पडदा अखंड सोडलेला असायचा. बघणाऱ्याला वाटते की तो आगीसाठी आहे. तो मुख्यतः पोलादासाठी असतो, कारण हा द्रव साध्या पोलादावर पडला, तर ते काचेसारखे तडकते. भर उन्हाळ्यात, घामाने सदरा अंगाला चिकटलेला असताना, हातभर अंतरावरच्या त्या जोडांवर बर्फाचा पांढरा थर चढलेला मी शेकडो वेळा पाहिला आहे. त्या थराकडे पाहून माणूस सावध राहतो.

या धंद्यातले मोठे अपघात बहुधा जमिनीवर झाले. १९४४ मध्ये क्लीव्हलंडला टाकी फुटून द्रव गटारांत गेला, आग लागली आणि १३० माणसे गेली. २००४ मध्ये अल्जीरियातल्या स्किकदा इथे २७ माणसे गेली. जहाजांची नोंद मात्र खरोखर चांगली आहे. एव्हरेटला १९७१ पासून ही जहाजे बॉस्टन बंदरातून, वरच्या पुलावरची वाहतूक थोपवून, आत नेली गेली आहेत. वस्तीपासून दूर खोल समुद्रात बोया टाकण्याची कल्पना मुळात अशा भीतीतून पुढे आली आणि ती वाईट नाही.

माझी शंका वेगळी आहे. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात ईशान्येकडून जी वादळे येतात, त्यांत बोयाला बांधलेल्या जहाजाला सुटून जावे लागते, आणि वायूची सर्वाधिक गरज नेमकी त्याच आठवड्यात असते. कंपनीच्या आराखड्यात वादळाचा विचार नव्हता असे मी म्हणत नाही. एवढा खर्च ज्या थंडीसाठी करायचा, त्याच थंडीत त्याचा भरवसा किती, हा प्रश्न मला कायम पडला. शिवाय बोयाभोवती इतर बोटींना मज्जाव असलेले वर्तुळ येते. शहरापासून धोका दूर नेला जातो तो मासेमाराच्या कामाच्या जागेवर, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. मेघनाताईंनी सांगितलेल्या वहीवाल्याचे म्हणणे मला म्हणूनच पटते.

---

शशांक_बॉस्टन

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला आमच्या किनाऱ्यावरचा पुरावा जोडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात अशी दोन बोयाबंदरे खरोखर बांधली गेली. नॉर्थईस्ट गेटवे २००८ मध्ये सुरू झाले आणि नेपच्यून २०१० मध्ये. बांधून होईपर्यंत अमेरिकेत शेल खडकांतला वायू वर येऊ लागला, आयातीचे गणित कोसळले आणि नेपच्यूनच्या मालकांनी २०१३ मध्ये परवाना स्थगित ठेवण्याची परवानगी मागून घेतली. नॉर्थईस्ट गेटवेही कित्येक वर्षे जवळपास रिकामे होते. म्हणजे पोर्ट ॲम्ब्रोझचा अर्ज तपासला जात होता, त्या वेळी दोनेकशे मैलांवर तशीच दोन बंदरे ओस पडलेली होती. अर्थमित्र, मागणी खरी असते हे मान्य, पण तिच्या नावावर उभी केलेली प्रत्येक गोष्ट खरी ठरत नाही.

त्या बांधकामातली एक गोष्ट मात्र मला आवडली. आमच्या पाण्यात राइट व्हेल जातीचे देवमासे येतात. ते आता चारशेहूनही कमी उरले आहेत आणि जहाजाची धडक हे त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. परवान्याच्या अटींमुळे जहाजांच्या मार्गावर पाण्यातले आवाज ऐकणारे बोये बसवले गेले आणि देवमाशाची हाक ऐकू आली की एलएनजीच्या जहाजांना वेग कमी करायला सांगितले जाई. ही अट विरोध करणाऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी रेटा लावल्यामुळे आली. नकार मिळाला नाही, तरी विरोधाने काहीतरी साधते, त्याचे हे उदाहरण म्हणून नोंदवतो.

पश्चिम किनाऱ्यावरही असेच घडले. बीएचपी बिलिटनच्या कब्रियो पोर्ट या तरंगत्या टर्मिनलला कॅलिफोर्नियाच्या स्टेट लँड्स कमिशनने एप्रिल २००७ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी नकार दिला आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नर श्वार्झनेगर यांनीही दिला. तिथे मुख्य मुद्दा हवेच्या प्रदूषणाचा होता.

---

मेघना_रॅरिटन

काकांचा प्रतिसाद वाचून मला माझीच एक चूक दिसली. सुनावणीच्या वेळी आमच्यातले काहीजण स्फोटाची चित्रे असलेले फलक घेऊन आले होते आणि मी तेव्हा गप्प बसले. तो मुद्दा कच्चा होता आणि त्याने आमचे नुकसानच झाले.

अर्थमित्र, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी दिले गेले होते आणि ते त्याच पाण्यात होते. न्यूयॉर्कच्या वीज प्राधिकरणाने पवनचक्क्यांसाठी मागितलेल्या क्षेत्रावरच हे बंदर येत होते. दोन्ही एकत्र नांदणे कठीण होते. नकारानंतर वर्षभराने, डिसेंबर २०१६ मध्ये, त्या भागातल्या ७९,३५० एकर समुद्राचा पट्टा नॉर्वेच्या स्टॅटऑइलने, म्हणजे आजच्या इक्विनॉरने, सुमारे ४ कोटी २५ लाख डॉलरना घेतला. तिथे एम्पायर विंडच्या पहिल्या टप्प्यात ५४ पवनचक्क्या आणि ८१० मेगावॉट वीज ठरलेली आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने ते काम एकाएकी थांबवले आणि मे महिन्यात पुन्हा सुरू होऊ दिले. त्यामुळे उत्तर नव्हते असे नाही. ते वेळेत उभे राहिले नाही, हा तुमचा आक्षेप असेल, तर तो मी मान्य करते.

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी. आमची आघाडी पुढे फुटली. बंदराविरुद्ध सर्वांत पुढे असलेल्या क्लीन ओशन ॲक्शनने नंतर समुद्राच्या औद्योगिकीकरणाच्या मुद्द्यावर पवनचक्क्यांनाही विरोध केला. स्कॅलॉप जातीचे शिंपले पकडणाऱ्या मासेमारांनी त्या पट्ट्याच्या लिलावाविरुद्ध २०१६ मध्येच न्यायालयात धाव घेतली होती. ज्या मैत्रिणीबरोबर मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, तिच्याशी आज या विषयावर बोलताना दोघीही जपून बोलतो. मी पवनचक्क्यांच्या बाजूची आहे, पण मासेमारांचे म्हणणे आम्हाला सोयीचे होते तोवर ऐकले आणि नंतर ऐकले नाही, ही तिची तक्रार मला खोडता येत नाही.

निर्यातीचा मुद्दा राहिला होता. कंपनी आयातीसाठीच अर्ज असल्याचे सांगत होती आणि अर्ज तसाच होता. परंतु डिसेंबर २०१२ मध्ये कायद्यात बदल होऊन अशा बंदरांतून निर्यातीलाही वाट मोकळी झाली आणि त्याच सुमारास मेरीलँडचे कोव्ह पॉइंट हे आयातीचे टर्मिनल निर्यातीसाठी बदलण्याचा बेत चालू होता. देशात वायू इतका स्वस्त असताना बाहेरून महाग वायू कोण आणील, असे लोक विचारत होते. ती शंका आज अनाठायी वाटत नाही, कारण २०२३ पासून अमेरिका हा जगातला सर्वांत मोठा एलएनजी निर्यातदार आहे.

---

अंजनवेलचा_पोर

मी गुहागर तालुक्यातला. काकांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे हवे तेव्हाच बंदर चालणार का, आमच्या घरासमोर बारा महिने उभा होता. एन्रॉनचा वीजप्रकल्प आला तेव्हा मी शाळेत होतो. त्याच्या दुसऱ्या टप्प्याबरोबर एलएनजीचे टर्मिनलही व्हायचे होते, पण २००१ मध्ये दाभोळ पॉवर कंपनी बंद पडली आणि ते अर्धवट राहिले. शेवटी २०१३ मध्ये टर्मिनल सुरू झाले, पण लाटा अडवणारा ब्रेकवॉटर पुरा झालेला नव्हता. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे पावसाळा जवळ आला की जहाजे थांबायची, ती थेट पाऊस ओसरेपर्यंत. वर्षाला ५० लाख टनांची क्षमता कागदावर असलेले टर्मिनल चार महिने खवळलेल्या समुद्राकडे बघत बसायचे.

आमच्याकडेही मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या, बायाबापड्यांना अटक झाली. मेघनाताईंचा लेख वाचताना मला एका गोष्टीचे वाईट वाटले. आमच्या माणसांनी इतके सोसले, पण ज्याच्यापुढे 'नको' म्हटले की ते नोंदले जाईल आणि त्याला ठराविक दिवसांत उत्तर द्यावे लागेल, असा कोणीच नव्हता.

---

डहाणूची_मी

अंजनवेलच्या दादांना सांगावेसे वाटते की आमच्याकडे तसे कोणीतरी होते, काही काळ.

आमचा तालुका जून १९९१ मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. वाढवणला तेव्हा एका परदेशी कंपनीच्या मदतीने बंदर होणार होते. १९९८ मध्ये प्राधिकरणाने ते नाकारले. माझ्या आईने तो दिवस बघितला आहे. गावात नारळ फुटले होते.

धर्माधिकारी साहेब जानेवारी २०१९ मध्ये गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने, नवे सदस्य असताना, परवानगी दिली. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. हे एलएनजीचे बंदर नाही, कंटेनरचे आहे, पण समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून उभे राहायचे आहे, म्हणून या धाग्यात लिहिते आहे.

'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा आमच्याकडच्या भिंतींवर, बोटींवर, लग्नाच्या मांडवातसुद्धा लिहिलेली तुम्हाला दिसेल. भराव जिथे होणार तिथे आमच्या लोकांची डोल जाळी लागतात. ओहोटीला खडक उघडे पडले की बायका कालवे आणि शिवल्या काढायला उतरतात, आणि त्या कामाला ना परवाना असतो ना पावती. नुकसानभरपाईची यादी होते तेव्हा बोट ज्याच्या नावावर असते त्याचे नाव येते. खडकावर वाकून काम करणारीचे नाव कुठेच नसते.

मेघनाताई, तुमच्या वहीवाल्या म्हाताऱ्याविषयी एक विचारते. त्याची वही अधिकाऱ्यांनी पुढे कागदपत्रांत घेतली का?

---

अर्थमित्र

वाढवणविषयी माझे मत वेगळे आहे. वीस मीटरची नैसर्गिक खोली लाभलेली जागा देशाला सहज मिळत नाही. परंतु ताईंनी मांडलेला नावाच्या यादीचा मुद्दा मला आजवर कोणी सांगितला नव्हता. भरपाईचा विचार करताना आम्ही बोटी आणि जाळी मोजतो. खडकावरचे काम कसे मोजायचे, याची पद्धतच आमच्याकडे नाही आणि ती असायला हवी.

मेघनाताई, नळाच्या ताज्या परवानगीविषयी तुम्ही अजून लिहिलेले नाही. तिथे नकाराची तरतूद असूनही तो का टिकला नाही?

---

मेघना_रॅरिटन

आधी डहाणूच्या ताईंना उत्तर देते. हो, घेतली. बोलणे संपल्यावर त्या मासेमाराला सांगण्यात आले की लेखी निवेदन जोडता येते. त्याच्या मुलीने पुढच्या आठवड्यात वहीच्या पानांच्या प्रती काढून पाठवल्या. मुदतीत पोचलेल्या प्रत्येक लेखी निवेदनाची नोंद करावी लागते, आणि आमच्यापैकी पुष्कळांना हे तोवर ठाऊक नव्हते. आम्ही छापील मजकुराखाली हजारो सह्या घेतल्या, त्या सर्व मिळून एक मुद्दा म्हणून मोजल्या गेल्याचे आम्हाला सांगण्यात आले. वहीची पाने मात्र स्वतंत्र नोंदली गेली.

आता नळाविषयी. हा नळ डीपवॉटर पोर्ट ॲक्टखाली येत नाही, त्यामुळे गव्हर्नरचा तो थेट नकाराधिकार इथे नाही. राज्याच्या हातात मुख्यतः पाण्याच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र असते. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या पर्यावरण खात्याने ते नाकारले. रॅरिटन उपसागराच्या गाळात शंभर वर्षांच्या कारखानदारीचा पारा आणि तांबे साचलेले आहे, चर खणला की ते पुन्हा पाण्यात येईल आणि शिंपल्यांच्या जागांवर बसेल, हे मुख्य कारण होते. २०२५ मध्ये त्याच नळासाठी पुन्हा अर्ज आला आणि नोव्हेंबरात त्याच खात्याने हो म्हटले. गाळ तोच आहे. बदलले ते वॉशिंग्टनमधले वारे आणि विजेच्या बिलांवरून तापलेले राजकारण. डहाणूत १९९८ आणि २०२३ मध्ये जे झाले, तेच आमच्याकडे पाच वर्षांत झाले.

एक फरक मात्र मला दिसतो. पोर्ट ॲम्ब्रोझच्या वेळी प्रस्तावाला समोरासमोर नकार मिळाला आणि त्याच पाण्यात दुसरे काहीतरी रुजू लागले. पट्टा दिला गेला, सर्वेक्षण झाले, पाया घातला गेला. नळाच्या बाबतीत आम्ही नकार मिळाल्यावर घरी गेलो. उपसागरातल्या शिंपल्यांची, गाळाची, पाण्याच्या गढूळपणाची पाच वर्षांत कोणी सलग नोंद ठेवली नाही. २०२५ मध्ये मते द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे २०१९ चेच कागद होते, आणि मी तेच पुन्हा पाठवले.

---

डहाणूची_मी

ताई, तुमचा प्रतिसाद मी काल आईला आणि मावशीला वाचून दाखवला. मावशी लिहायला शिकलेली नाही, पण तिला तिथी चुकत नाही. आज ओहोटीच्या वेळी मी तिच्याबरोबर खडकावर उतरले आणि शंभर पानी वहीत पहिली ओळ लिहिली : तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, कालवांची दीड टोपली, तिघीजणी, अडीच तास. मावशीचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यापुढे तिचा अंगठा घेतला. पाण्याचा रंग कसा लिहायचा यावर आमचे थोडे भांडण झाले. ती म्हणाली, गढूळ लिहू नकोस, आज पाणी निवळ आहे, तेच लिही.

---

जुना_खलाशी

निवळ हा शब्द बरोबर आहे. त्याच्या शेजारी वाऱ्याची दिशाही लिहा. पाणी का बदलले हे पुढे कोणी विचारले, तर ती लागेल. आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, शाई पाण्याने उतरते.